चार पोस्टकार्डांवरची मोटार

मोटारींचा शौक असलेली दोन माणसे एकत्र आली की त्यांचे बोलणे कुठल्या वळणाने जाते, हे तुम्ही नक्कीच ऐकले असेल. जळगावचे एखादे गॅरेज असो, धुळ्याच्या आग्रा रोडवरची चहाची टपरी असो, नाहीतर एरंडोल-पारोळ्याच्या बाजूचा पेट्रोल पंप असो. प्रश्न ठरलेले असतात. "हॉर्सपॉवर किती?" "पिकअप कसा आहे?" "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" "टॉप किती?" आणि अहिराणी बोलणारा मित्र असेल तर "गाडी कितली पयस रे भो?" म्हणजे गाडी किती पळते रे भाऊ?

गंमत अशी की हे बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे स्पोर्ट्‌स कार नसते. दोन माणसे बसतील एवढीच जागा, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी बांधणी, हलके अंग आणि जोरदार इंजिन अशी ही मोटार आपल्याकडे तशी दुर्मीळच. भारतातही तिचे प्रयत्न झालेले आहेत. १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' ही फायबरग्लासच्या अंगाची, दोन आसनांची छोटी मोटार निघाली. तिला रेनॉ कंपनीचे जेमतेम ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. पुढे २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीची 'अवंती' लोकांनी पाहिली. तिचे इंजिन सुमारे २५० अश्वशक्तीचे होते. अशी एखादी मोटार मुंबईहून इंदूरकडे जाताना धुळ्यात चहाला थांबली, तर तिच्याभोवती जमणाऱ्या मुलांच्या तोंडी वरचेच प्रश्न असतात.

हे प्रश्न वरवर फुशारकीचे वाटतात. पण नीट पाहिले तर त्यातला प्रत्येक प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे. आज आपण ते एकेक करून सोडवू. सोडवता सोडवता आपल्या लक्षात येईल, की गप्पांमध्ये सगळा मान इंजिनाला मिळतो, पण मोटारीचे खरे भवितव्य ठरते ते दुसऱ्याच ठिकाणी. आणि ते ठिकाण एवढेसे आहे की त्याकडे कोणी पाहतही नाही.

हॉर्सपॉवर किती?

अश्वशक्ती हे शक्तीचे एकक. शक्ती म्हणजे काम करण्याचा दर. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटला आपले इंजिन किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकांना सांगायचे होते, त्यातून हे एकक रूढ झाले. ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलले, तर ती झाली एक मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३६ वॉट. इंग्रजी मापाची अश्वशक्ती किंचित मोठी, ७४६ वॉट.

आपल्या भागात हे समजायला घोड्यापेक्षा बैल बरा. आजोबांना विचारा, ते विहिरीवरच्या मोटेची आठवण सांगतील. दर सेकंदाला ७५ लिटर पाणी एक मीटर वर आणायचे, हे काम एका अश्वशक्तीचे. सतत काम करताना एक बैलजोडी साधारण तेवढीच शक्ती देते. म्हणजे २५० अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे बोनेटखाली जुंपलेल्या अडीचशे बैलजोड्या!

पण नुसता आकडा पुरेसा नाही. ही शक्ती किती वजन ओढते आहे, तेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० चे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम आणि शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती; म्हणजे दर टनामागे ५७. अवंतीचे वजन दीड टनाच्या आसपास. दर टनामागे सुमारे १६५. आणि फॉर्म्युला वन शर्यतीची मोटार आठशे किलोच्या घरातली, पण शक्ती सुमारे हजार अश्वशक्ती. दर टनामागे साडेबाराशे! म्हणूनच शर्यतीच्या मोटारीचे अभियंते एकेक किलो वजन कमी करण्यासाठी जिवाचे रान करतात.

पिकअप आणि टॉर्क

गप्पांतला यापुढचा शब्द म्हणजे टॉर्क. त्याला आपल्या पुस्तकात बलाचे आघूर्ण म्हणतात. पंक्चर काढणारा माणूस चाकाचा घट्ट बसलेला नट सोडवताना पान्ह्याला लांब नळी लावतो. बळ तेवढेच, पण अंतर वाढले म्हणून पीळ वाढला. हा पीळ म्हणजेच टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

शक्ती आणि टॉर्क यांचे नाते सोपे आहे. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. आता रावेर-यावलकडून केळी भरून दिल्लीला निघालेला एक ट्रक आणि एक स्पोर्ट्‌स कार शेजारी उभी करा. समजा, दोघांची इंजिने १८० अश्वशक्तीची आहेत. ट्रकचे इंजिन ही शक्ती मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर देते, मोटारीचे ६,५०० फेऱ्यांवर. गणित केले तर ट्रकच्या इंजिनाचा टॉर्क सुमारे ५३० न्यूटन-मीटर येतो आणि मोटारीचा सुमारे १९५. शक्ती सारखीच, पण एक हळू फिरून जोराने पिळतो, तर दुसरी हलकेच पिळून भराभर फिरते. चाकापाशी किती जोर पोचवायचा हे गिअर ठरवतो. सायकलला गिअर असतील तर चढावर तुम्ही हेच करता. पाय जास्त वेळा फिरवता, पण सायकल चढते.

तेव्हा "टॉर्क मोठा की हॉर्सपॉवर मोठी?" हा टपरीवरचा जुना वाद निरर्थक आहे. एकाच हिशेबाच्या त्या दोन बाजू आहेत.

शून्य ते शंभर

आता येतो सर्वांत आवडता प्रश्न. जागेवरून निघून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला किती सेकंद लागतात?

आधी इंजिनाच्या बाजूने हिशेब करू. ताशी १०० कि.मी. म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. ८०० किलोग्रॅमच्या शर्यतीच्या मोटारीची या वेगाला गतिज ऊर्जा होते सुमारे ३ लक्ष ९ हजार ज्यूल. हजार अश्वशक्तीचे इंजिन सेकंदाला साडेसात लक्ष ज्यूलच्या आसपास ऊर्जा देते. म्हणजे तिने अर्ध्या सेकंदाच्या आतच १०० चा वेग गाठायला हवा. प्रत्यक्षात मात्र तिला अडीच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. मग उरलेली शक्ती गेली कुठे?

याचे उत्तर रस्त्याजवळ, टायरच्या तळाशी आहे. मोटार पुढे जाते ती इंजिनामुळे, असे आपण म्हणतो. पण इंजिन फक्त चाक फिरवते. चाक रस्त्याला मागे ढकलते आणि रस्ता चाकाला पुढे ढकलतो. हा न्यूटनचा तिसरा नियम. हे ढकलणे घडते घर्षणामुळे आणि घडते तेवढ्याच जागेत, जिथे टायर रस्त्याला टेकलेला असतो.

ही जागा केवढी असते? चला, काढू. माणसांसह १,००० किलोग्रॅमची मोटार घ्या. टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोग्रॅम भार पेलणारा दाब. १,००० ला २ ने भागा. आले ५०० चौरस सेंटिमीटर. चाके चार, म्हणून एका चाकाच्या वाट्याला १२५ चौरस सेंटिमीटर. आता पोस्टातले साधे पोस्टकार्ड घ्या आणि पट्टीने मोजा. १४ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद, क्षेत्रफळ १२६! म्हणजे एवढी मोठी मोटार, तिचे इंजिन, तिच्यातली माणसे, हे सगळे चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभे असते. वेग वाढवणे, वळणे, थांबणे, सारे काही त्या चार पोस्टकार्डांमार्फत होते.

घर्षण जास्तीत जास्त किती मिळेल हे घर्षण गुणांकावर अवलंबून. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरचा गुणांक ०.७ ते ०.८, स्पोर्ट्‌स कारच्या मऊ रबराचा १ च्या आसपास. गुणांक १ धरला, तर जास्तीत जास्त त्वरण गुरुत्वत्वरणाएवढे, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. २७.८ ला ९.८ ने भागा. उत्तर येते २.८ सेकंद. इंजिन हजार अश्वशक्तीचे असो की दोन हजारांचे, टायरची पकड एवढीच असेल आणि चारही चाकांना जोर मिळत असेल, तरी याहून लवकर १०० चा वेग गाठता येणार नाही. शर्यतीच्या खास टायरचा गुणांक १ च्या वर जातो, म्हणून तिथे वेळ थोडा कमी होतो, इतकेच.

सिनेमात नायकाची मोटार निघताना चाके जागच्या जागी गरगरतात आणि धूर निघतो. टाळ्या मिळतात, पण शर्यतीत ती मोटार मागे पडेल. कारण चाक घसरू लागले की घर्षण वाढण्याऐवजी कमी होते. घट्ट बसलेल्या वस्तूला हलवायला जेवढे बळ लागते, त्यापेक्षा ती घसरत ठेवायला कमी लागते, हे तुम्ही शिकला आहात. धूर म्हणजे वाया गेलेली शक्ती आणि झिजलेले रबर.

टॉप किती?

वेग वाढत गेला की दुसरा एक प्रतिस्पर्धी पुढे येतो, तो म्हणजे हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या निमुळत्या मोटारीला ताशी १०० कि.मी. वेगाला नुसती हवा कापायला सुमारे १० अश्वशक्ती लागते. मग २०० ला किती? दुप्पट नव्हे, आठपट, म्हणजे ८०. तीनशेला सत्तावीसपट, २७०. चारशेला चौसष्टपट, ६४०! २००५ साली बाजारात आलेल्या बुगाटी व्हेरॉन या मोटारीने ताशी ४०० कि.मी.ची मर्यादा ओलांडली, त्यासाठी तिला १,००१ अश्वशक्तीचे इंजिन का द्यावे लागले, हे यावरून कळेल.

असा वेग आजमावायचा तरी कुठे? सार्वजनिक रस्त्यावर निश्चितच नाही. त्यासाठी वेगळे चाचणीमार्ग असतात, आणि असा एक मार्ग खानदेशपासून फार लांब नाही. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर सोडा, पळासनेरवरून बिजासन घाट चढा, सेंधवा ओलांडा. धुळ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, इंदूरच्या अलीकडे, पीथमपूर आहे. तिथे 'नॅट्रॅक्स' या संस्थेचा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल मार्ग आहे. त्याचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. त्याची वळणे बाहेरच्या बाजूने उचललेली, तिरपी आहेत. ताशी २५० कि.मी. वेगाने जाणाऱ्या मोटारीला तिथे वळण्यासाठी टायरच्या घर्षणाची मदतच लागू नये, असा तो तिरपेपणा ठरवलेला आहे.

हे कसे जमते? रस्ता तिरपा असला की तो मोटारीला नुसता वर नव्हे, थोडा आतल्या बाजूलाही ढकलतो, आणि वळायला लागणारे केंद्रगामी बल तिथून मिळते. कोनाची टॅन्जंट काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागायचे. २५० कि.मी. वेग आणि समजा एक किलोमीटर त्रिज्या घेतली, तर कोन येतो सुमारे २६ अंश. आगगाडीच्या वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात, तो याच कारणासाठी. पुढच्या वेळी भुसावळकडे जाताना खिडकीतून पाहा.

रस्ता कशी धरते?

साधा रस्ता असा तिरपा नसतो. तिथे वळण्याचे सगळे काम आपल्या चार पोस्टकार्डांना करावे लागते. ५० मीटर त्रिज्येचे घाटातले वळण घ्या. घर्षण गुणांक ०.७ असताना या वळणावरचा जास्तीत जास्त वेग निघतो ताशी ६७ कि.मी. पाऊस पडून गुणांक ०.४ झाला, की तोच वेग ५० वर येतो. गणित करताना एक गोष्ट लक्षात येईल. मोटारीचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जाते! म्हणजे "माझी गाडी जड आहे, ती रस्ता सोडणार नाही" या बोलण्यात तथ्य नाही. अश्वशक्ती तर या समीकरणात कुठे येतच नाही.

पोस्टकार्डाची उपमा इथे आणखी उपयोगी पडते. पोस्टकार्डावर मजकूर मावतो तेवढाच मावतो. अर्धे कार्ड एका विषयाला दिले, तर दुसऱ्याला उरलेली जागा. टायरचेही तसेच आहे. घर्षणाची एकूण शिल्लक ठरलेली असते. वळत असतानाच चालकाने ब्रेक करकचून दाबला, तर सगळी शिल्लक थांबण्यात खर्च होते आणि वळायला काहीच उरत नाही. मोटार सरळ रेषेत निघून जाते. म्हणून कुशल चालक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करतो, आणि वळण संपत आले की पुन्हा वाढवतो. चाक पूर्ण अडकू न देणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्था याच तत्त्वावर चालते. चाक फिरते राहिले, तर ते थोडे वळूही शकते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

शर्यतीच्या मोटारीने ही शिल्लक वाढवण्याची युक्ती शोधली. तिच्या पुढे-मागे विमानाचे पंख उलटे बसवलेले असतात. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. वेगाने जाताना हा दाब मोटारीच्या वजनाहूनही जास्त होतो. वजन न वाढवता पकड वाढते! मात्र हा दाब वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणून डिकीवर हौसेने बसवलेला पंखा गावातल्या ताशी ४० कि.मी. वेगाला शोभेपलीकडे काही करत नाही.

हवा किती ठेवतोस?

खानदेशचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो, "उन्हाळा आहे, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेव, नाहीतर फुटेल." हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो, म्हणून त्याचा हिशेब नीट पाहू.

सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये ३० पौंड हवा भरली. हा दाब वातावरणापेक्षा जास्तीचा असतो. वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळवून खरा दाब ४५. निरपेक्ष तापमान ३००. भर दुपारी महामार्गावर पळून टायरमधली हवा ६७ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष ३४० वर गेली. आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून दाब होतो ४५ गुणिले ३४० भागिले ३००, म्हणजे ५१. त्यातून वातावरणाचे १५ वजा करा. मोजपट्टी दाखवील ३६. चांगल्या अवस्थेतला टायर एवढी वाढ सहज सोसतो. ती गृहीत धरूनच तो बनवलेला असतो.

उलट हवा कमी ठेवली, तर काय होते? टायरच्या बाजू दर फेरीला जास्त चेपतात आणि पुन्हा सरळ होतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती गरम होते, हे तुम्ही करून पाहिले असेल. रबराचेही तसेच होते. मिनिटाला आठशे-नऊशे वेळा चेपणारी बाजू तापत जाते, आतले थर सुटू लागतात, आणि टायर फुटतो तो याच कारणाने. तेव्हा हवा कंपनीने सांगितली असेल तेवढीच ठेवावी, आणि ती मोजावी टायर थंड असताना.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचाही गप्पांत मोठा बोलबाला असतो. विमानांत आणि शर्यतीत तो वापरतात, कारण तो कोरडा असतो आणि दाब जास्त भरवशाचा राहतो. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे विसरू नका. नियमित मोजलेली साधी हवा, न मोजलेल्या नायट्रोजनपेक्षा केव्हाही चांगली.

आणखी एक गोष्ट. शर्यतीचे टायर गुळगुळीत असतात, मग आपला गोटा झालेला टायर का बदलायचा? कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरचे जास्त रबर टेकते, हे खरे. पण पावसात टायरखालचे पाणी बाहेर पडायला वाट हवी. टायरवरची नक्षी म्हणजे ती वाट. ती नसेल, तर पोस्टकार्ड आणि रस्ता यांच्यात पाण्याचा थर शिरतो आणि मोटार पाण्यावर तरंगते. म्हणून पाऊस आला की शर्यतीतले चालकही थांबून नक्षीचे टायर लावून घेतात. ताशी ३०० कि.मी. वेगाला असा एकेक टायर सेकंदाला ६० लिटरहून जास्त पाणी बाजूला फेकतो. शिवाय गोटा झालेला टायर नुसता गुळगुळीत नसतो, तो पातळ आणि कमकुवतही झालेला असतो.

न विचारला जाणारा प्रश्न

आतापर्यंतचे सगळे प्रश्न गप्पांत हटकून येतात. पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, "थांबते किती अंतरात?"

समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात मोटार पूर्ण वेगाने पुढे जाते. मग ब्रेकचे अंतर, जे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घर्षण गुणांक ०.७ धरून हिशेब असा येतो:

ताशी ५० कि.मी.: आधी १४ मीटर, ब्रेकनंतर १४ मीटर, एकूण २८ मीटर.
ताशी १०० कि.मी.: आधी २८ मीटर, ब्रेकनंतर ५६ मीटर, एकूण ८४ मीटर.
ताशी १५० कि.मी.: आधी ४२ मीटर, ब्रेकनंतर १२७ मीटर, एकूण १६९ मीटर.

क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची. म्हणजे शंभरच्या वेगाला चारहून अधिक खेळपट्ट्या लागतात. ओल्या रस्त्यावर हेच ८४ मीटर १२६ होतात. आता रात्रीची वेळ घ्या. खाली झुकवलेल्या दिव्यांच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटरपलीकडचे नीट दिसत नाही. जळगाव ते धुळे हा नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा महामार्ग सुरतेकडून नागपूर-कोलकात्याकडे जाणाऱ्या मोठ्या वाहतुकीचा आहे. पण त्याच रस्त्यावर कापसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉलीही असते आणि शेतातून परतणारी बैलगाडीही. ती दिसते तेव्हा पन्नास मीटर उरलेले असतात, आणि थांबायला चौऱ्याऐंशी हवे असतात. इंजिन कितीही जोरदार असो, हे चौतीस मीटर कुठून आणणार?

आणखी एक गणित सांगतो, ते मात्र मनात कोरून ठेवा. दोन सारख्या मोटारी शेजारी शेजारी धावत आहेत, एक ७० ने, दुसरी १०० ने. दोघींनी एकाच ठिकाणी ब्रेक लावले. पहिली २८ मीटरवर थांबली. त्या क्षणाला नव्हे, तर त्या जागी दुसरीचा वेग किती असेल? बहुतेक जण सांगतात, ३०. पण सारख्या अंतरात ब्रेकने सारखीच ऊर्जा काढून घेतली, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे. १०० च्या वर्गातून ७० चा वर्ग वजा करा, उरले ५,१००. त्याचे वर्गमूळ ७१! जिथे पहिली मोटार शांतपणे उभी राहिली, तिथून दुसरी ताशी ७१ कि.मी. वेगाने पुढे जाते. तिथे ट्रॉली असेल, तर ती धडक म्हणजे सुमारे वीस मीटर उंचीवरून, सहा-सात मजल्यांवरून पडण्यासारखी. दोन वेगांत फरक होता फक्त तीसचा.

शर्यतीच्या मैदानावर ही गणिते ठाऊक असलेले लोक काम करतात. तिथे समोरून कोणी येत नाही, वळणाबाहेर मोकळी जागा असते, चालकाच्या अंगावर पट्टे आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. २०११ साली दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा मोटारी ३०० च्या वर गेल्या. पण त्या मार्गावर बैलगाडी येणार नाही याची खात्री होती. वेगाचा शौक वाईट नाही, पण त्याची जागा ती आहे. पारोळ्याच्या वळणावर मोटारसायकल तिरपी घालणाऱ्या मोठ्या भावाजवळ तर चार पोस्टकार्डेही नसतात. दोनच असतात, आणि तीही अर्धवट आकाराची.

करून पाहा

घरच्या किंवा शेजारच्या मोटारीवर हा प्रयोग वडील माणसांच्या देखत करा. मोटार सपाट जागेवर, इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून उभी असू द्या. एका चाकाखाली पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी कागदाच्या पट्ट्या हळूच सरकवा. त्या जिथे अडतील तिथे खडूने खूण करा. चारी खुणांमधल्या आयताचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा. असे चारही चाकांचे करा. टायरमधील हवा पौंडांत मोजून घ्या आणि तिला १४.२ ने भागा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचे किलोग्रॅम मिळतील. या आकड्याने चार क्षेत्रफळांच्या बेरजेला गुणा. तुम्ही कागद आणि पट्टी वापरून मोटारीचे वजन केलेत! मोटारीच्या माहितीपत्रकातल्या वजनाशी ते ताडून पाहा. थोडा फरक येईल, कारण टायरच्या नक्षीतील खाचा रस्त्याला टेकत नाहीत आणि टायरच्या बाजूही थोडा भार पेलतात. फरक किती आला आणि का, याचा विचार हाच प्रयोगातला खरा अभ्यास.

आणि यापुढे कोणी तुम्हाला "टॉप किती?" असे विचारले, तर आकडा जरूर सांगा. मग आपणही एक प्रश्न विचारा, "थांबायला किती मीटर लागतात?" उत्तर आले नाही, तर खिशातून एक पोस्टकार्ड काढून त्याच्या हातात ठेवा.